तुतीच्या फळ्या

नाशिद मास्तरांनी मला पूर्वेच्या खिडकीला झडपा बसवायला बोलावलं. फोनवर ते एवढंच म्हणाले, "उस्ता लबीब, सकाळचं ऊन फार येतं रे घरात. येऊन माप घेऊन जा." इथे सुताराला उस्ता म्हणतात. मी बरं म्हणालो. मी सगळ्यांना बरंच म्हणतो. फोन ठेवल्यावर हातातला रंधा पुन्हा फळीवर टेकवला, पण हात पुढे गेला नाही. चुलीवर सरस उकळत होता, त्याचा वास दुकानभर झाला, तरी मी तसाच उभा. शेजारचा वेल्डर दारात येऊन म्हणाला, "अरे, जळतंय तुझं." मी सरस उतरवला. पूर्वेची खिडकी. त्यांनी दुसरी कुठली खिडकी म्हटली असती तर मी मापाची पट्टी खिशात टाकून निघालो असतो आणि वाटेत भाजलेल्या रताळ्यांचा भाव केला असता.

या शुब्रा भागातल्या अकरा घरांच्या पूर्वेकडच्या झडपा मी माझ्या हाताने उतरवल्या आहेत. मास्तरांच्या सांगण्यावरून. मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांच्या घरी दर गुरुवारी दुपारी बैठक भरू लागली. भिंतीवर कापडाचा मोठा तक्ता असे. त्यात डावीकडे सृष्टी झाली आणि उजवीकडे संपणार होती. आपण कुठे आहोत ते मास्तर छडीने दाखवत, आणि छडी कापडाच्या कडेला इतकी लागून टेकत असे की पुढे फक्त भिंत. कुठल्या नद्या आटतायत, कुठे धरणीकंप झाला, कुठली सैन्यं कुठून कुठे चाललीत, हे सगळं ते वर्गात शिकवल्यासारखं सांगत. प्रभू पूर्वेकडून येणार हे आम्ही जन्मल्यापासून ऐकतो. चर्चमध्ये पूर्वेकडे तोंड करून उभे राहतो, मेलेल्यालाही पूर्वेकडे तोंड करून ठेवतो, उठताना वळायला लागू नये म्हणून. मास्तरांनी त्यात भर एवढीच घातली, की जो वाट बघतो तो पूर्वेची खिडकी झाकत नाही. पहिली झडप मी त्यांच्याच घरची काढली. मग एकेक जण बोलावू लागला. तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, पण मी ती कोणाला बोललो नाही. अकरा घरांपैकी एकानेही उतरवलेली झडप फोडून जाळली नाही. कोणी गच्चीवर ठेवली, कोणी पलंगाखाली सरकवली. आम्ही आमची गच्चीवर ठेवली.

मास्तर तारीख कधी सांगत नसत. तारीख सांगणारे खोटे असतात, हे तेच सांगत. पण अडीच वर्षांपूर्वीच्या शरदात, नैरूजला, म्हणजे आमच्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, लाल खजुरांची थाळी फिरत असताना त्यांनी एक खजूर बोटात धरला आणि म्हणाले, "पोट भरून खा. असे नैरूज आता हातावर मोजण्याइतकेही उरले नाहीत. पुढचे खजूर खायला आपण इथे नसू." बायका रडल्या. माझी बायको समीहा रडली नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि ती हसली. इतकं उघडं हसू मी तिच्या तोंडावर लग्नानंतर पहिल्या वर्षी बघितलं होतं. आम्हाला मूल झालं नाही. त्यानंतर ती हळूहळू कमी बोलायला लागली होती, घरात पाण्याच्या नळाचा आवाज तिच्यापेक्षा जास्त असायचा. गुरुवारच्या बैठकीत तिला पुन्हा आवाज आला. ती गायला लागली. घरी येताना जिन्यातही गुणगुणायची, आणि चौथ्या मजल्यापर्यंत थांबायची नाही. त्या आवाजासाठी मी दर गुरुवारी दुकान लवकर बंद करून तिच्याबरोबर जात होतो. मला तक्त्यातलं काही पटत नव्हतं असंही नाही, पटत होतं असंही नाही. मी तिच्या शेजारी बसत होतो.

मास्तरांच्या घराचा जिना चढलो तर दार उघडंच होतं. मास्तर खिडकीकडे पाठ करून खुर्चीत बसले होते, डोळ्यांवर काळा चष्मा. "कोण? लबीब? ये, ये. थांब, पुढे ये जरा." त्यांनी चष्मा उचलून माझ्याकडे बघितलं. "अरे, म्हातारा झालास की तू! आत्ता दिसतोयस मला नीट."

"डोळ्यांना काय झालं, मास्तर?"

"मोतीबिंदू काढला. दोन्ही डोळ्यांचा. तुला सांगतो लबीब, ही भिंत निळी आहे. चार वर्षं मी हिला राखाडी समजत होतो." ते खरोखर खूष होते. "पण डॉक्टर म्हणाला ऊन टाळा. सकाळी सहाला सूर्य थेट नाकावर येतो इथे. तूच काढली होतीस ना झडप? मग तूच बसव."

मी खिडकीपाशी गेलो. चौकटीत बिजागऱ्यांची भोकं होती, मीच लांबीच्या लगद्याने बुजवलेली. अंगठा फिरवला तर खालच्या भोकातली लांबी थोडी आत बसली होती. तक्ता भिंतीवर नव्हता. कपाटामागे गुंडाळून उभा केलेला दिसत होता, वरून धूळ. मी माप घेतलं. रुंदी चौऱ्याण्णव, उंची एकशे साठ. मापाच्या कागदावर लिहिताना मी न वळता विचारलं, "मास्तर, ही तर पूर्वेची."

"हो मग?"

"नाही, म्हटलं, वाट बघायची."

मास्तर शाळेतल्या मुलाला समजावतात तसे म्हणाले, "वाट बघणं मनात असतं रे. खिडकीत नसतं."

मी कागदाची घडी केली. ती परत उघडली आणि पुन्हा केली. समीहा गेली त्या उन्हाळ्यात, मिसरा महिन्यात, आमच्या खोलीत सकाळी सहापासून ऊन यायचं. ते आधी तिच्या पायांवर यायचं, मग पोटावर, जिथे गाठ होती तिथे, मग तोंडावर. तिला कूस बदलता येत नव्हती. मी एकदा खिडकीला चादर बांधली. ती म्हणाली, काढ. मी काढली. खाटेशेजारी बसून मी पुठ्ठा धरायचो तिच्या तोंडावर, हात भरून आला की दुसऱ्या हाताने. वाट बघणं खिडकीत नसतं हे मास्तर तेव्हा म्हणाले असते तर मला पुठ्ठा धरावा लागला नसता. एवढाच विचार माझ्या डोक्यात आला. मोठा काही आला नाही.

"चहा घेऊन जा," मास्तरांची बायको ओजेनीबाई स्वयंपाकघरातून ओरडली. "आणि त्यांच्याशी जास्त बोलू नकोस. डोळे नव्हते तेव्हाच बरे होते. आता कोपऱ्यातली जळमटं दाखवत बसतात मला."

मी आत गेलो. बाईंना बोलायला माणूस लागतो. त्यांनी पुदिन्याचा चहा ओतला, बशीत मुरंबा काढला, पावाचा तुकडा मोडून माझ्या हातात दिला. "खा. खजुरांचा आहे. नैरूजचा."

"कुठल्या नैरूजचा?"

"गेल्याच्या गेल्या. गेल्या वर्षीचा संपला, हा मागे राहिला होता. चांगला टिकलाय, बघ." गेल्याच्या गेल्या वर्षीचा म्हणजे समीहाला जाऊन तीन आठवडे झाले होते तेव्हाचा. खायला आपण इथे नसू, असं ज्यांबद्दल मास्तर म्हणाले होते ते हेच खजूर. बाईंनी ते उकळले होते, साखर घातली होती, लवंग घातली होती. तिच्यापुरतं मास्तरांचं खरं झालं, असं मी त्या दिवसांत मनाशी म्हणत असे, आणि त्याने मला थोडं बरं वाटत असे. मी मुरंबा खाल्ला. गोड होता. काय करणार, बाईंनी हातात दिला होता.

"ऑपरेशनला फार दिवस लागले का, बाई?"

"दिवस? दोन वर्षं म्हण! तो मोठा डॉक्टर गरिबांचे डोळे फुकट करतो, पण रांग केवढी. ईस्टरच्या आधीच्या मोठ्या उपासात नाव घातलं, ते आत्ता गेल्या महिन्यात नंबर लागला. मला तो दिवस आठवतो ना. हे नाव घालून आले, बूट काढतायत, आणि तुझी समीहा दारात. घामाघूम. पायीच आली होती."

"समीहा? एकटी?"

"एकटीच तर. तुला नाही सांगितलं? ती म्हणाली मास्तर, मी पोटावर डॉक्टरची सुरी लावून घेतली तर पाप होईल का? म्हणजे तो यायच्या आधी. हे म्हणाले, तो आला की बदलणारंच शरीर आहे ते, त्याला शिवायचं कशाला. पण ती हलेना. उभीच. मग हे म्हणाले, तुझा नवरा आहे ना, त्याला विचार. तोही वाट बघत असेल तर दोघं मिळून बघा. नसेल तर नवऱ्याचं ऐक, त्यात पाप नाही." बाईंनी माझा पेला पुन्हा भरला. "ती इतकी खूष झाली, लबीब. माझ्या गालाचा मुका घेतला तिने. म्हणाली, लबीबलाच विचारते. मग काय म्हणालास तू तिला?"

मी म्हणालो, आठवत नाही बाई, दोन वर्षं झाली. बाई म्हणाल्या, हो रे बाबा, माणूस काय काय लक्षात ठेवणार. बाहेर मास्तर खुर्चीतून म्हणाले, "लबीब, लाकूड चांगलं घाल हं. वाळलेलं घाल. मागच्यासारखं फुगायला नको."

मी रस्त्यावर आलो. अमशीरचा वारा सुटला होता, या महिन्यात सुटतो तसा, धूळ तोंडात येत होती. मी ट्रामच्या जुन्या रस्त्याने चालत निघालो, कारण पाय तिकडे वळले. वाटेत मी मान वर करून खिडक्या बघू लागलो. रिज्क बेकरीवाल्याचा तिसरा मजला: झडप बसवलेली. खालची बिजागरी तिरपी. हे माझं काम नव्हे. मेरी शिवणवालीच्या घरी: बसवलेली, नवा रंगही दिला होता. पुढच्या गल्लीत दोन. वकिलाच्या घरची अर्धी उघडी, अर्धी बंद, आणि मधून टॉवेल वाळत घातलेला. अकरांपैकी सात मला रस्त्यावरून दिसल्या, आणि सातही परत बसवल्या होत्या, दुसऱ्या कुठल्या सुताराकडून. मला कोणी बोलावलं नव्हतं. बायको गेलेल्या माणसाला कसं बोलावणार, असं त्यांना वाटलं असेल. चर्चमध्ये सगळे भेटत होते, मला मिठी मारत होते, "धीर धर, आता थोडेच दिवस" म्हणत होते, आणि घरी जाऊन झडप ओढून दुपारचे झोपत होते. दीड वर्षं या साऱ्या शुब्रात पूर्वेची खिडकी उघडी ठेवून सकाळी सहाला उठणारा बहुतेक मी एकटाच होतो. आणि माझा तर विश्वासही धड नव्हता.

त्या वर्षी मला काय माहीत होतं ते मी चालताना नीट मांडायचा प्रयत्न केला. हातूर महिन्यात, थंडी सुरू होताना, गाठ निघाली. डॉक्टर म्हणाला आतड्यातली आहे, आता कापली तर बाई पुष्कळ वर्षं जगतील, थांबलात तर सांगता येत नाही. समीहा म्हणाली, थांबायचंच आहे की आपल्याला, नाहीतरी किती दिवस उरलेत. ती हे हसून म्हणाली. मी तिच्या चपलांकडे बघत होतो. मग आमच्या चर्चचे धर्मगुरू अबूना बिसेंती चार मजले चढून घरी आले, खुर्चीत बसून दम घेतला, आणि म्हणाले, "समीहा, तो कधी येणार ते मला माहीत नाही. देवदूतांनाही माहीत नाही. पण डॉक्टर मंगळवारी येतो हे मला पक्कं माहीत आहे. मंगळवारी जा." ती पुन्हा हसली आणि त्यांच्यासाठी लिंबाचं सरबत करायला उठली. जिन्यात अबूनांनी माझा दंड धरला. "तू नवरा आहेस. तू सांग तिला." मी म्हणालो, "सांगतो अबूना." सांगितलं नाही. माझी आई ऑपरेशनच्या टेबलावर गेली होती, त्याची भीती होती. पण खरी भीती ती नव्हती. मी जर म्हणालो असतो की जा, कापून घे, तर त्याचा अर्थ मी त्या खिडकीतून काही बघत नाही असा झाला असता. मग गुरुवारी ती एकटी पडली असती. तिचा आवाज पुन्हा गेला असता. ती पुन्हा नळासारखी झाली असती घरात, थेंब थेंब. मी तिला आवाजासकट ठेवायला बघत होतो. असं मी तेव्हा मनात म्हणत होतो. आता म्हणताना ते तितकं चांगलं वाटत नाही.

पण त्याच हिवाळ्यात, दोन वर्षांपूर्वीच्या अमशीरमध्ये, मी तुतीच्या फळ्या घेतल्या होत्या.

तंताजवळच्या एका गावात तुतीचं जुनं झाड पडलं होतं. तुतीचं असं लाकूड नेहमी मिळत नाही. मी दोन इंची फळ्या कापून आणल्या आणि गच्चीवर रचल्या. लाकडाचं माझ्या वडिलांचं गणित होतं: एक इंचाला एक वर्ष. दोन इंचाला दोन. घाई केली तर दार फुगतं, फाटतं, आणि गिऱ्हाईक दहा वर्षं शिव्या देतं. मी फळ्यांच्या मध्ये पट्ट्या ठेवल्या, वारा खेळावा म्हणून. टोकांना रंग फासला, तडे जाऊ नयेत म्हणून. वरून गोणपाट टाकला. आणि सगळ्यात खालच्या फळीच्या टोकावर, वडील लिहायचे तसं, खडूने ती तयार होण्याची तारीख लिहिली. दहा अमशीर, आणि साल दोन वर्षं पुढचं. हात सवयीने लिहून गेला. ज्याला पुढच्या नैरूजला खजूर खायचे नाहीत तो दोन वर्षांचं लाकूड वाळत घालत नाही, हे मला लिहिताना सुचलंसुद्धा नाही. ते लाकूड कशासाठी घेतलं हे मला पूर्ण माहीत होतं. समीहाला बारा वर्षं एक फडताळ हवं होतं. स्वयंपाकघरात, ओट्यापासून छतापर्यंत, बरण्यांसाठी. बैठकीत जायला लागल्यापासून तिने त्याचं नाव काढलं नव्हतं. सुताराची बायको, आणि लोणच्याच्या बरण्या पलंगाखाली. लोक हसायचे. तीही हसायची.

मग एके संध्याकाळी, उन्हं अजून होती, ती गच्चीवर कपडे काढायला आली. मी फळ्यांवरचा गोणपाट सारखा करत होतो. तिचा चेहरा लाल होता, चालून आल्यासारखा. मला वाटलं जिना चढून आली म्हणून. तिने चिमटे तोंडात धरले, एक चादर काढली, आणि चिमटे काढून मला विचारलं, "लबीब, हे कोणासाठी वाळवतोयस?"

मी तारखेच्या समोर उभा होतो. मी फळ्यांना पाठ टेकवून खाली बसलो आणि मागे हात नेऊन बाहीने ती तारीख पुसली. सबंध पुसेपर्यंत हात हलवला. "कोणासाठी नाही," मी म्हणालो. "स्वस्तात मिळालं. पडून आहे. विकून टाकीन." आणि तेवढ्याने भागलं नाही म्हणून वर म्हणालो, "आपल्याला आता काय करायचंय लाकूड?"

ती चादरीची घडी घालत होती. तिने घडी पुरी केली. मग माझ्याजवळ आली, माझा हात पुढे ओढला, आणि बाही झटकली. "पांढरी झालीय," म्हणाली. दोनदा झटकली, तिसऱ्यांदा हाताने पुसली. "बरं," ती म्हणाली. कपड्यांची टोपली कमरेवर घेऊन खाली गेली. त्या गुरुवारी ती गायली की नाही हे मला आठवत नाही. आज सबंध रस्ताभर मी ते आठवायचा प्रयत्न केला. ती एकटी मास्तरांकडे कशाला गेली असेल? ज्याला मरायचं नसतं तो जातो. ती घामाघूम होऊन माझ्याकडे उत्तर घ्यायला आली होती. तिने सुरीचं नाव काढलं नाही. समोर फळ्या होत्या, तिने फळ्यांचं विचारलं. मी एवढंच म्हणायचं होतं की दोन वर्षांनी तुझं फडताळ करायचंय. मंगळवार जवळच होता. डॉक्टर मंगळवारी येत होता.

मास्तरांनी फसवलं म्हणावं, तर त्यांनी निदान तिला दार उघडून दिलं होतं. बूट काढता काढता का होईना. ते दार मी बाहीने पुसलं. मी तिच्यासाठी वाट बघतोय असं दाखवत होतो, आणि तिला वाटलं मी खरंच बघतोय, मग माझ्यासाठी तीही बघत राहिली. घरात दोन माणसं, दोघांनाही पुढच्या वर्षी जगायचं होतं, आणि खिडकी उघडी. शेवटच्या दिवसांत, पुठ्ठा धरून बसलो असताना, तिने एकदा विचारलं होतं, "झडप कुठे ठेवलीस?" मी म्हणालो गच्चीवर. ती म्हणाली, "वाळवी लागू देऊ नकोस." मी ते आजारातलं बोलणं समजलो. बायकांना शेवटपर्यंत वस्तूंची काळजी असते, असं मी शेजाऱ्यांना सांगितलंसुद्धा, कौतुकाने.

मी घरी न जाता सरळ गच्चीवर गेलो. ती गेल्यापासून मी फळ्यांना हात लावला नव्हता. कपडे वाळत घालायला जायचो, पण त्या कोपऱ्याकडे बघायचो नाही. वाऱ्याने गोणपाट एका बाजूला उडाला होता. आमची झडप भिंतीला टेकून होती, वाळवी लागली नव्हती. मी वरच्या फळीवर बोटाच्या पेराने ठोकलं. ओलं लाकूड मुकं वाजतं. हे खणखणीत वाजलं. आज एकवीस अमशीर. लाकूड तयार होऊन अकरा दिवस झाले होते, आणि माझ्या लक्षात नव्हतं. मी खाली बसलो आणि सगळ्यात खालच्या फळीचं टोक बघितलं. मी पुसलेला पांढरा फराटा असेल म्हणून बघितलं.

फराटा होता. त्याच्या खाली, फळीच्या अगदी कडेला, जिथे गोणपाटाची घडी येऊन झाकायची, तारीख लिहिलेली होती. दहा अमशीर, आणि साल तेच. आकडे लहान आणि सरळ, आणि तारखेखाली एक रेघ. लोणच्याच्या बरण्यांच्या झाकणांवर समीहा तारीख लिहायची, आणि प्रत्येक तारखेखाली शाळेत शिकवल्यासारखी एक रेघ ओढायची. मी तिला चिडवायचो, बरणीला काय पास-नापास करायचंय? पलंगाखाली अजून तीन बरण्या आहेत, तशाच रेघा असलेल्या. म्हणजे मी पुसण्याच्या आधी तिने तारीख वाचलेली होती. बाही झटकताना तिला माहीत होतं. आणि नंतर केव्हातरी, मी दुकानात असताना, ती पोट धरून वर आली होती, माझ्या डब्यातला खडू घेतला होता आणि वाकून, तिला वाकणं सोसत नव्हतं तेव्हा, ती परत लिहिली होती. मला वाचता यावी म्हणून लिहिली असेल. मी गोणपाट उचलला असता तर वाचली असती. मी फक्त वरचा भाग सारखा करायचो.

किती वेळ बसलो होतो माहीत नाही. ऊन भिंतीवरून खाली आलं होतं. बोट तारखेच्या जवळ नेलं आणि मागे घेतलं. खडू आहे, लागला असता बोटाला. मग फोन वाजला. नाशिद मास्तर.

"काय रे, चहा पिऊन पळालास. कधी बसवतोस झडप? मला सकाळी फार त्रास होतो."

"मी नाही बसवत, मास्तर."

"नाही? अरे, माप घेऊन गेलास ना?"

"घेतलं."

"मग? लाकूड नाही का?"

मी बरं म्हणणार होतो. लाकूड नाही, असं म्हणणं सोपं होतं, तोंडात येऊन थांबलंही होतं. म्हटलं असतं की नाही हो मास्तर, मिळालं की करतो. ते म्हणाले असते बरं. मी म्हणालो, "लाकूड आहे. तुतीचं आहे. वाळलंय."

"मग अडलं कुठे?"

"ते तुमच्यासाठी नाही."

पलीकडे मागे ओजेनीबाई कोणाला तरी रागावत होत्या. मग मास्तर, जरा दुखावल्यासारखे, म्हणाले, "मग कोणासाठी?"

गच्चीवर कपड्यांची दोरी वाऱ्याने हलत होती. तिच्यावर दोनच चिमटे राहिले होते, समीहाचेच, लाकडी. मी फळीच्या टोकाकडे तोंड केलं.

"समीहासाठी," मी म्हणालो. "तिचं फडताळ करायचंय."